कानसेनचा निकाल

बाजारात तिला सगळेच वहिनी म्हणत. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा कुलूपवालाही वहिनी म्हणे आणि कालपरवा मिसरूड फुटलेला मोबाइलवालाही. तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता, म्हणून ती वहिनी. दादा गेला, वहिनी राहिली.

दादाचं दुरुस्तीचं दुकान होतं. फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशीन. लग्नानंतर ती डबा द्यायला म्हणून तिथे गेली आणि चौदा वर्षं तिथेच बसली. आधी पाना हातात द्यायची. मग कुठला पाना लागणार ते दादानं मागायच्या आधी ओळखायला लागली. मग दादा गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत असायचा, तेवढ्यात ती मशीन खोलून, बेल्ट बदलून मोकळी झालेली असायची. तिची एक पद्धत होती. मशीन कितीही जड असो, ते आधी भिंतीपासून ओढायचं आणि त्याची पाठ बघायची. माणसं तोंड धुऊन समोर येतात, ती म्हणायची, खरं काय ते पाठीला लिहिलेलं असतं.

दुकानात दादाबरोबरच काम करणाऱ्या दिराची पद्धत वेगळी. तो पाठबीठ बघत नसे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले, आणि मिनिटभरानं निकाल. निकाल दोनच असत. 'होईल' किंवा 'कामातून गेलं'. बाजारानं त्याचं नाव कानसेन ठेवलं. आधी थट्टेनं ठेवलं, पण दहातले नऊ निकाल बरोबर निघायला लागले तेव्हा थट्टा गळून गेली, नाव राहिलं. कानसेन 'कामातून गेलं' म्हणाला की लोक दुसरीकडे विचारायलाही जात नसत. मशीन थेट भंगारात.

दादा गेल्यानंतर महिनाभरानं वहिनी दुकानात आली. गल्ल्यापाशी कानसेन, बाजूला त्याची बायको, म्हणजे वहिनीची धाकटी जाऊ. एक जुनं गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं होतं. ते म्हणालं, वहिनी आल्याच आहेत तर त्यांनीच बघावं, मागच्या वेळी त्यांनीच केलं होतं. कानसेन हसला. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवून, पण सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी आता कामातून गेल्यात हो. त्यांच्या हातात नका देऊ."

गिऱ्हाईक हसलं. मागे बसलेले दोघे कारागीर हसले. जाऊ जमिनीकडे बघत राहिली.

वहिनीनं भिंतीवरचे आपले पाने उतरवले, हातातल्या पिशवीत टाकले आणि घरी आली. त्याला अकरा वर्षं झाली. ती घरच्या मागच्या खोलीत काम करायला लागली आणि पोटापुरतं नाव कमावलं. पण ते वाक्य तिच्या गळ्यात माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. मशीन खोलताना, भांडी घासताना, झोप येता येता, ती त्या वाक्याला उत्तरं रचायची. काही उत्तरं फार छान होती. द्यायला दुकान नव्हतं, एवढंच.

मग एका मंगळवारी धाकट्या जावेचा फोन आला.

जाऊ हळू आवाजात बोलत होती. तिच्या गुडघ्यांमुळे ते तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर राहायला आले होते. तेव्हापासून वॉशिंग मशीन बिघडलं. धुताना नुसतं गुरगुरतं, पण पिळायला लागलं की नाचत नाचत न्हाणीघराच्या दारापर्यंत येतं. यांनी कान लावला आणि सांगितलं, कामातून गेलं. नवीन मागवलंय. "पण ताई, मला नाही पटत. परवापर्यंत धडधाकट होतं हो. बारा वर्षांत एक थेंब गळलं नाही." मग आवाज आणखी खाली गेला. "कुणाला बोलू नका, पण यांना हल्ली दाराची घंटासुद्धा ऐकू येत नाही. तुम्ही एकदा गुपचूप बघून जाल का? टाकायचं की ठेवायचं, तेवढंच मला सांगा."

वहिनीनं एकच प्रश्न विचारला. वरून खाली मशीन कुणी आणलं?

"कुणाला हात लावू देतात होय? स्वतः बांधाबांध केली."

वहिनी खुर्चीवर बसली. तिला सगळं कळलं होतं. मशीन न बघता, पाठ न बघता, इथे बसल्या बसल्या कळलं होतं. एका वाक्यात सांगून फोन ठेवता आला असता.

"नवीन मशीन कधी येतंय?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी अकराला. त्याच्या आत या ना ताई."

"त्याच्या आत नाही जमायचं," वहिनी म्हणाली. "अकरालाच येते."

तीन दिवस ती घरात गुणगुणत वावरली. शुक्रवारी इस्त्रीचे कपडे घातले, पिशवीत एकच पाना टाकला, दहा नंबरचा, आणि निघाली.

बेत केला होता त्याहूनही चांगलं जमलं. दारात टेम्पो उभा होता. दोघे हमाल नवीन खोकं उतरवून घाम पुसत बसले होते. वरच्या मजल्यावरचे मास्तर नवीन मशीन बघायला चपला सरकवत खाली आले होते. आणि मधोमध कानसेन, केस पांढरे झालेले, पण उभं राहण्याची ऐट तीच. तिला बघून तो जरा चपापला, बायकोकडे डोळे वटारून बघितलं, मग लोक आहेत म्हणून हसला.

"या वहिनी. अंत्यदर्शनाला आलात?"

"तुम्ही निकाल दिलात म्हणजे आता तेवढंच उरलं, भाऊजी," ती म्हणाली. "पण एकदा ऐकू तरी द्या, काय बिघडलंय. आमच्या ज्ञानात भर."

कानसेन खुलला. कुणी विचारलं की तो नेहमीच खुलायचा. त्यानं मशीन पिळण्यावर लावलं. मशीन थरथरलं, धडधडलं आणि साखळी ताणणाऱ्या कुत्र्यासारखं पुढे पुढे यायला लागलं. मास्तर दोन पावलं मागे सरले. कानसेननं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग मशीन बंद करून, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात, त्यानं मास्तरांना आणि हमालांना समजावून सांगितलं की ड्रमचं बेअरिंग खलास आहे, टब सीलबंद आहे, तो उघडत नाही, आणि उघडला तरी पुन्हा बसत नाही.

वहिनी मान डोलवत होती. तिनं अगदी सहज, जाता जाता विचारावं तसं विचारलं, "मजल्यावरून उतरवताना आदळलं तर नसेल?"

तो दुखावला. तिला वाटलं होतं तसाच.

"माझ्या हातून? वहिनी, अडाणी लोक मशीन तसंच उचलतात. आत ड्रम आपटत आपटत जातो. नव्या मशीनबरोबर ड्रम आवळायचे चार बोल्ट येतात, ते लोक पहिल्याच दिवशी फेकून देतात. मी बारा वर्षं डबीत जपले. कोण जपतं?"

"कोणीच नाही जपत," वहिनी म्हणाली. "चारही लावले होते?"

"चारही."

"घट्ट?"

"पान्यानं आवळून. स्वतः."

वहिनीनं फक्त हमालांकडे बघितलं. रोज दहा मशीनं वाहणारी माणसं ती. त्यांतल्या थोराड हमालानं घाम पुसायचं थांबवलं.

"मग काका, काढले का?"

"काय?" कानसेननं कान पुढे केला.

हमालाला पुन्हा विचारावं लागलं, आणि या वेळी ते पार टेम्पोपर्यंत ऐकू गेलं. "बोल्ट. खाली आणल्यावर काढले का? ड्रम आवळलेला असल्यावर मशीन नाचणार नाही तर काय करणार?"

कानसेनच्या चेहऱ्यावर काय झालं ते वहिनीनं नीट, सावकाश बघून घेतलं. अकरा वर्षं तिनं निरनिराळे चेहरे मनात रंगवले होते. हा त्या सगळ्यांपेक्षा सरस होता, कारण यात राग नव्हता. तो आठवत होता, आणि आठवत आठवत लहान होत होता. जाऊ पुढे झाली आणि हमालांच्या मदतीनं तिनं मशीन भिंतीपासून ओढलं. पाठीवर चार बोल्ट, नीट आवळलेले.

दुसरा हमाल फिसकन हसला.

वहिनीनं पिशवीतून पाना काढला. जाऊ तिच्यासाठी बाजूला झाली, पण वहिनी खाली वाकली नाही. तिनं पाना मशीनवर ठेवला, कानसेनच्या हाताशी.

"मी कशाला हात लावू," ती म्हणाली. "माझ्या हातात देऊ नये म्हणतात."

कानसेननं तिच्याकडे बघितलं. त्यालाही ते दुकान आठवलं असावं. मग मशीनला धरून तो एक गुडघा टेकत खाली बसला, दुसरा टेकला, आणि भिंत आणि मशीन यांच्यामध्ये अंग घातलं.

जावेनं हमालांना सांगितलं की नवीन परत न्या, आमचं आहे तेच ठेवायचंय. ते कुरकुरत सहीचा कागद शोधायला गेले. मग ती वहिनीला दाराशी घेऊन आली. तिचा आवाज फोनवर होता तसाच हळू होता.

"ताई, तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं."

"हो."

"सांगितलं असतंत, तर मी हे झोपलेले असताना बोल्ट काढून ठेवले असते. त्यांच्या कानाचं मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं."

वहिनीकडे याला उत्तर तयार नव्हतं. बाकीची सगळी होती. "त्या दिवशी तूही तिथेच उभी होतीस," ती म्हणाली.

"होते," जाऊ म्हणाली, आणि आत गेली.

वहिनी वळली तर मास्तर वाटेत. त्यांना काहीतरी खुपत होतं. चष्मा काढून, पुसून, परत लावून त्यांनी वर्गातल्या खणखणीत आवाजात विचारलं की गेल्या वर्षी यांनीच सांगितलं म्हणून त्यांनी फ्रीज भंगारात दिला, तो तरी खरंच गेला होता का?

तो फ्रीज वहिनीला माहीत होता. भंगारवाल्याकडे तो तिनंच खोलला होता, सुटे भाग मिळतील म्हणून. कॉम्प्रेसर आतून जळून कोळसा झाला होता. कुणालाच दुरुस्त करता आला नसता. कानसेनचा तो निकाल अचूक होता.

मशीनमागची खडखड थांबली होती. कानसेन हातात तिसरा बोल्ट घेऊन, मान वळवून तिच्याकडे बघत होता. हा प्रश्न त्याला स्वच्छ ऐकू गेला होता. त्याला उत्तर माहीत होतं, आणि तिलाही ते माहीत आहे हेही माहीत होतं. पण त्यानं स्वतः दिलेल्या उत्तराला आज या खोलीत किंमत नव्हती. तिचा एक होकार पुरला असता.

वहिनीनं पिशवीची चेन ओढली.

"आता काय सांगणार, मास्तर," ती म्हणाली. "फ्रीज काही समोर नाही."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली, जे कळायचं ते कळल्यासारखी. ते तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आले आणि घरातला मिक्सर बघायला कधी येणार ते विचारू लागले. तिनं सोमवार सांगितला.