स्कॉटलंडची किटली

निफाड-नाशिक बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या स्कॉटलंडच्या रहस्यकथा वाचायच्या, एकामागून एक भाग, आणि पानात अंगठा घालून मला मराठीत सांगायच्या. त्यातल्या एका गावात बहिणीबरोबर राहणाऱ्या पाद्र्याची चहाची चांदीची किटली चोरीला गेली होती.

मी म्हटलं, "त्याच्या बहिणीनंच लपवली. रोजच्या चहाच्या पाहुण्यांना कंटाळली ती."

"छे! देवमाणूस आहे हो ती, आजोबा."

"मग भांडी तिलाच घासावी लागत असणार!"

मी तिसरी नापास, पण हटलो नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढतानाच त्या ओरडल्या, "आजोबा, बहीणच निघाली! मला नाही कधी चोर ओळखता येत. सगळ्यांवरच जीव जडतो माझा."

कंडक्टरही वळून बघायला लागला. मी छाती काढून म्हटलं, "तुम्ही लावा जीव. चोराचं मी बघतो. काढा पुढचा भाग!"