चहानंतरचा विषय

तिला किटलीमावशी म्हणायला कोणी सुरुवात केली, ते कचेरीत कुणालाच सांगता आलं नसतं. शाळा मंडळाची सभा दर महिन्याला वरच्या मजल्यावरच्या लांबट सभागृहात भरायची, आणि मावशी ती पोटफुगी ॲल्युमिनियमची किटली दोन्ही हातांनी धरून दारात उभी राहायची. अध्यक्ष आले, गेले. सभासद निवडून आले, पडले, रुसले, पुन्हा आले. मावशी आपली कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा मंडळाचा सुतार होता. शाळाशाळांतून मोडके बाक दुरुस्त करत फिरायचा. तो अचानक गेला तेव्हा पदरी लहान मुलगा होता, आणि तेव्हाच्या अध्यक्षांनी तिला कामावर घेतलं. त्या उपकाराखाली ती इतकी वाकली होती, की पुढे आलेल्या प्रत्येक अध्यक्षाला तीच त्याची परतफेड करत राहिली.

चहा मात्र ती फक्कड करायची. "मावशी, तुमच्या चहासाठी तरी कोरम पुरा होतो," असं एक सभासद दर सभेला म्हणायचे आणि दर सभेला मावशी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची.

सभेला गावातलं कुणीही येऊन मागच्या बाकांवर बसू शकत असे. त्यामुळे एक रीत पडली होती. लिहिलेली कुठेच नव्हती, पण सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. लोकांचे विषय आधी व्हायचे: कुठलं छप्पर गळतंय, कुठल्या नळाला पाणी नाही, गणवेशाचा रंग, सुट्टीच्या तारखा. ते संपले की चहा, मागच्या बाकांवरच्यांनाही. चहा पिऊन लोक घरी जात आणि मंडळ आपले घरचे विषय घेई. कुणाची रजा, कुणाची बदली, कचेरीचा बिघडलेला पंखा. किटली दिसली, की लोक पिशव्या उचलायला लागत. शाळेत घंटा, तशी सभेत किटली.

मावशीचा मुलगा लांबच्या कारखान्यात होता, अधूनमधून घरी यायचा. घरात ती, सून आणि नात. सून शिवणाच्या दुकानात मशीन चालवायची. नात बोलायच्या वयात बोलेना. आधी शेजारणी म्हणाल्या, बाप पण उशिराच बोलला होता. मग कळलं, पोरीला ऐकूच फार कमी येतं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे मांजरासारखी टक लावून बघायची, म्हणून तिचं नाव पडलं माऊ.

कोपऱ्यावरच्या छोट्या शाळेत अशा मुलांसाठी एक वर्ग होता. एकच खोली. आवाज घुमू नये म्हणून जमिनीवर सतरंज्या, भिंतींना जाड पडदे; मुलं अर्धगोलात बसलेली आणि मधे बाई. बाई फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. एकेका मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्या 'ग' म्हणत, 'म' म्हणत. दोन वर्षांनी माऊ एक दिवस स्वयंपाकघरात आली आणि "आजी" म्हणाली. जरा वाकडं, नाकातून, पण आजी. मावशीच्या हातातून पळी पडली. सून म्हणाली, "आई, अहो गॅस बंद करा आधी, उतू चाललंय!" आणि मग दोघी ओट्याशी उभ्या राहून रडल्या.

तो वर्ग बंद होणार, ही बातमी बाईंनीच आणली. मुलं थोडी, खोली हवी आहे; तेव्हा सगळ्यांना बसने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत पाठवायचं आणि तिथल्या नेहमीच्या वर्गांत बसवायचं, असा प्रस्ताव होता.

"तिथे एकेका वर्गात पन्नास पोरं," बाई म्हणाल्या. "शिक्षक फळ्याकडे वळला, की आपल्या मुलांसाठी तो मुका झाला. वर्षभरात आहेत तेही शब्द जातील."

"मग आता काय करायचं हो?" सुनेने विचारलं.

"सभेत विषय पुकारला, की पालकांनी उभं राहून हरकत घ्यायची. चारजणांनी जरी घेतली, तरी नियमाने चौकशी बसवावी लागते आणि वर्षभर वर्ग हलवता येत नाही. पण घ्यायची तिथेच, त्या वेळेला. मला बोलता येत नाही, मी नोकर आहे. तुम्ही बोला. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

सून म्हणाली, "मी रजा टाकते."

"कशाला?" मावशी म्हणाली. "आता घाईचे दिवस, तुझी मालकीण आधीच टपलेली. बाकीचे पालक येतायत ना? आणि मी आहेच की तिथे. आपल्या घरचं माणूस सभेत आहे म्हटल्यावर तुला कसली काळजी?"

सून जरा घुटमळली. मग म्हणाली, "तेही खरंच."

पुढचा आठवडा मावशी वर्गातल्या मुलांच्या घरोघर फिरली. रंगाऱ्याकडे गेली, बेकरीवाल्याकडे गेली, जुळ्यांच्या आईकडे दोनदा गेली. "याच हं. मागचे बाक धरून ठेवते," असं प्रत्येकाला सांगितलं. एवढी वर्षं ज्या सभागृहात ती पावलांचा आवाज न करता वावरली, तिथलं यजमानपण जणू तिच्याकडे आलं होतं.

सभेच्या दिवशी हवा बोचरी होती. पालक आले. कुणी कामावरच्या कपड्यांत, कुणी कडेवर पोर घेऊन. बाकांवर दाटीवाटीने बसले. छपराचा विषय रेंगाळला. दोन सभासद पाण्याच्या टाकीवरून एकमेकांना टाकून बोलले. रंगारी जांभया द्यायला लागला. तेवढ्यात चिटणीस उठून मावशीकडे आले. चिटणीस म्हणजे साखरेत घोळलेला माणूस. रागावले तरी 'जरा' आणि 'कृपया' म्हणून रागवायचे.

"मावशी, जरा चहा आत्ताच आणता? लोक कुडकुडतायत हो मागे. लेकरं आहेत बरोबर."

मावशीला बरं वाटलं. साहेबांनी तिच्या माणसांची कदर केली होती. ती लगबगीने आत गेली, आलं जास्त ठेचून घातलं, साखरेचा हात सैल सोडला. बाहेर आली तेव्हा अध्यक्ष चष्मा पुसत होते आणि खुर्च्या मागे सरकत होत्या. तिने रीत मोडून पहिला कप मागच्या बाकांवर दिला.

"घ्या, घ्या. आज माझ्याकडून आहे असं समजा!"

"मावशी, बशी तरी द्या, कडक आहे चहा," बेकरीवाला म्हणाला.

"भट्टीवाल्याला चटका लागतो होय रे?"

सगळे हसले. कप रिकामे झाले. जुळ्यांच्या आईने एकाला कडेवर घेतलं, दुसऱ्याचा हात धरला आणि विचारलं, "मावशी, झालं का मग? आपला विषय तर निघालाच नाही."

मावशीने क्षणभरही विचार केला नाही. विचार करायचं कारणच काय? इतक्या वर्षांत एकदाही तसं घडलं नव्हतं.

"चहा झाला म्हणजे लोकांचं झालं," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यावर गेला असेल. बरंच झालं की! तेवढाच वेळ मिळाला. जा आता, पोरांना वारा लागेल."

चिटणीस तिथेच, दोन हातांवर, कपात फुंकर मारत उभे होते. त्यांनी ऐकलं. मग शांतपणे चहाचा घोट घेतला.

पालक जिना उतरले. मावशी कप गोळा करून मागच्या मोरीत गेली. नळ सोडला. पाणी बर्फासारखं होतं, म्हणून जरा बंद करून तिने हात चोळले, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून चिटणिसांचा आवाज आला.

"विषय सात. कोपऱ्यावरच्या शाळेतील विशेष वर्ग मोठ्या शाळेत समाविष्ट करणे. उपस्थितांपैकी कुणाची हरकत?"

ती ओल्या हातांनी तशीच बाहेर आली. मागचे बाक रिकामे होते.

"अहो, थांबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा साहेब. लोक आत्ताच उतरलेत. मी बोलावते."

अध्यक्षांनी वर पाहिलं. "काय झालं मावशी? कप फुटला का?"

दोघंतिघं हसली.

"हरकत आहे," मावशी म्हणाली. "माझी. माझी नात आहे त्या वर्गात."

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण तुम्ही कर्मचारी आहात. कर्मचाऱ्याला सभेत हरकत घेता येत नाही. पालक हजर असते तर त्यांची जरूर घेतली असती."

"पण तुम्हीच तर चहा..." पुढचं वाक्य तिला सापडेना. चहा आणायला सांगितलं, यात गुन्हा कुठला होता? आणि लोकांना घरी कोणी पाठवलं होतं?

चहासाठी कोरम पुरा होतो म्हणणारे सभासद नखं बघत होते. एक सभासद बाई म्हणाल्या, "पुढच्या सभेला घेऊ या का?" पण बाकीच्यांना घरी जायची घाई होती.

मावशी खिडकीकडे धावली. खाली बसथांब्यावर रंगारी, बेकरीवाला, जुळ्यांची आई अजून उभे होते. तिने काचेवर थापा मारल्या. हाताने 'या, वर या' केलं. बेकरीवाल्याने वर पाहिलं, हसला आणि हात उंच करून तिला टाटा केला. मग दुसऱ्यांनीही केला. बस आली. ती जिन्याकडे वळली तेव्हा मागून अध्यक्षांचा आवाज आला, "मंजूर."

घरी येऊन तिने सुनेला सांगितलं, पण अर्धंच. "चहानंतर घेतला विषय मेल्यांनी. लोक गेल्यावर." सुनेने मंडळाचा उद्धार केला, चिटणिसांच्या सात पिढ्या काढल्या. मावशी भाजी चिरत हो ला हो मिळवत राहिली. जेवण मात्र गेलं नाही.

पालकांनी अर्ज दिला. उत्तर आलं, की हरकत सभेतच घ्यायला हवी होती. विषयांचा क्रम ठरवणं अध्यक्षांच्या अखत्यारीत आहे. बाईंची बदली झाली. खोलीतल्या सतरंज्या गुंडाळून गच्चीवर टाकल्या, पडदे कुणी नेले ते कळलं नाही. माऊ रोज सकाळी बसने जाऊ लागली. पहिले काही दिवस घरी येऊन खूप काही सांगायचा प्रयत्न करायची, हातवारे करून, मधेच शब्द अडला की पाय आपटून. मग सांगणं कमी झालं. पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट. भूक लागली की डब्याकडे बोट. 'आजी' शेवटचं कधी म्हणाली, ते मावशीला आठवेना. मग आठवायचा प्रयत्नही तिने सोडून दिला.

माऊला बसवर सोडायला मावशी जायची. हल्ली तिथे बाकीच्या मुलांच्या आया तिच्याशी बोलत नव्हत्या. ती आली की गप्पा थांबायच्या. थंडीमुळे असेल, असं ती मनाला सांगायची. एका सकाळी तिला कणकण होती, म्हणून सून गेली, आणि परत आली तेव्हा चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, लोकांना घरी जा असं तुम्ही सांगितलंत?"

मावशीने शेगडी बारीक केली.

"जुळ्यांची आई म्हणाली. ती खोटं बोलायची नाही."

"मला वाटलं, चहा झाला म्हणजे..."

"हो ना. मला मेलीला रजा पण घेऊ दिली नाहीत."

कूकरची शिट्टी झाली. सुनेने पुढे होऊन गॅस बंद केला आणि पाठमोरीच राहून बोलली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मावशीला सोसलं असतं.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, माहितीय मला. मी त्यांना सांगितलंही तसं. पण उद्यापासून तुम्ही बसवर येऊ नका. तिथे सगळ्या जणी उभ्या असतात. मी दुकानात उशिरा येण्याचं बोलून घेते."

"बरं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने माऊची वेणी घातली, डबा भरला, पायरीवर बसवून बुटांच्या नाड्या बांधल्या. माऊ उठली आणि सवयीने आजीचा हात धरून ओढू लागली. मावशीने हात सोडवून घेतला आणि आईकडे बोट दाखवलं. पोरीला कळेना. तिने पुन्हा हात धरला. का येत नाही, ते तिला कळेल असं सांगायचं कसं, हे मावशीला येत नव्हतं. बाईंना आलं असतं. शेवटी सुनेने माऊला उचलून कडेवर घेतलं. माऊ आईच्या खांद्यावरून आजीकडे बघत राहिली, तोंड उघडं, आवाज नाही, गल्लीच्या वळणापर्यंत.