आईमार्फत

मुलाखतीचं बोलावणं आलं त्या दिवसापासून मी एका जागी धड बसले नाही. ताटावर बसले की आठवायचं, बुटांना पॉलिश केलेलं नाही. पॉलिशची डबी उघडली की आठवायचं, हृदयाची आकृती पुन्हा एकदा बघायला हवी. पुस्तक उघडलं की भूक लागायची. आई म्हणायची, "पायाला भिंगरी बांधलीय का काय तुझ्या? बस की जरा!" बसणं जमलं असतं तर बसले नसते का? मी तिच्यावर ओरडायचे आणि मग ओरडल्याबद्दल स्वतःवरच चिडायचे. राग तसा जन्मापासून माझ्या नाकावर आहे. त्या दिवसांत त्यानं तिथं बिऱ्हाडच केलं होतं.

आपल्याकडे डॉक्टरकीला मार्कांवर प्रवेश मिळतो, मुलीचं तोंड बघायला कुणी बोलावत नाही. लष्कराचं मेडिकल कॉलेज तेवढं वेगळं. तिथं मार्कांवर बोलावतात, पण घ्यायचं की नाही ते समोर बसवून ठरवतात. निवड झाली की पुण्यात शिकायचं आणि मग बरीच वर्षं सैन्यात राहायचं, पाठवतील तिथं. त्याला आईवडिलांची संमती लागते. नीटचे मार्क चांगले असल्यामुळं मला गावातल्या कॉलेजातही जागा मिळणार हे जवळजवळ नक्की होतं. तिथं घरून डबा घेऊन जाता आलं असतं. मला मात्र पुण्याला जायचं होतं, आणि आप्पा जाऊ देणार का, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आप्पांना विचारायचं तर ते सरळ विचारता येत नव्हतं. आमचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. विहिरीवरच्या, नदीवरच्या जळालेल्या मोटारी आप्पांकडं येतात, ते त्यात तांब्याची नवी तार भरून देतात. दिवसभर आप्पा भिंतीपलीकडं आणि मी भिंतीअलीकडं. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून तारेच्या तुकड्यांच्या बांगड्या करायचे. पण मी मोठी झाले आणि आप्पांचं माझ्याशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, राग नाही, आमच्याकडची रीतच तशी. मुलगी मोठी झाली की बापानं जरा लांबून बोलायचं. म्हणजे आईमार्फत. "तिला म्हणावं, छत्री घेऊन जा," आप्पा आईला सांगायचे, मी तिथंच उभी असताना. मी म्हणायचे, "आई, सांग त्यांना, घेतलीय." आई सांगायची. ऐकू सगळ्यांना येत असे, तरी सांगायची. आम्हा तिघांनाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

तर आईनं विचारलं. आप्पा म्हणाले, "गावात कॉलेज हाय की." एवढंच. होही नाही, नाहीही नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला परत पाठवलं. "बगू म्हणाले." तिसऱ्यांदा आईच माझ्यावर उखडली, "मी काय पोस्टमन हाय व्हय तुमची?"

इकडं आप्पांचा निर्णय लटकलेला आणि तिकडं गल्लीनं माझी तयारी हातात घेतलेली. गल्लीच्या तोंडाशी एक सुभेदारकाका राहतात, फौजेतून निवृत्त झालेले. कोल्हापुरात वाईट माणसं कमी आणि सल्ला देणारी जास्त, आणि सुभेदारकाका तर सल्ल्यातही सुभेदार. त्यांनी मला ताठ चालायला शिकवलं. खोलीत शिरताना छाती पुढं, नजर समोर, आणि आवाज असा की मागच्या तालमीतल्या पैलवानानं दचकावं. दुसरे एक निवृत्त हेडमास्तर, ते इंग्रजी सुधारायला यायचे. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं, आवाज खाली. "तू बोलतीस का भांडतीस तेच कळत न्हाय गं," ते म्हणायचे. आता पेठेत वाढलेल्या मुलीनं आवाज खाली आणायचा म्हणजे काय करायचं? मी सकाळी काकांसाठी ओरडायचे, संध्याकाळी मास्तरांसाठी कुजबुजायचे, आणि मधल्या वेळेत माझा घसा बसायचा.

तेवढ्यात गारगोटीहून आत्ती आणि तिचे यजमान आले. आत्ती म्हणाली, "कोरडी तयारी काय कामाची? एकदा समदं खऱ्यासारखं करून बघूया." कुणीच हरकत घेतली नाही. रविवारी दुपारी पुढच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या. सुभेदारकाका, हेडमास्तर आणि आत्तीचे यजमान पांढरी टोपी घालून ओळीनं बसले. आता मुलाखत म्हणाल तर आमच्या घरातल्या बायकांना माहीत असलेली मुलाखत एकच. आत्तीनं मला तिची नारायणपेठी नेसवली. "अगं, तिथं शर्ट-पॅन्ट घालून जायचंय," मी म्हणाले. "तिथं घाल. हितं माणसं बसल्यात," ती म्हणाली. कांदेपोहे झाले. माझ्या हातात बश्यांचा ट्रे दिला गेला. मी ताठ चालत, नजर समोर ठेवून, पोहे घेऊन मुलाखतीला गेले.

मास्तरांनी इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. काकांनी हिंदीत विचारलं, मी ओरडून उत्तर दिलं. आत्तीचे यजमान पोहे खात म्हणाले, "हं, नाव सांग," आणि मी नाव सांगितल्यावर समाधानानं मान हलवली. गल्लीकडचं दार उघडंच होतं. समोरच्या घरातल्या काकू खिडकीत किती वेळ उभ्या होत्या, आमच्या लक्षात आलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला त्या आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सांगितलं न्हाईस गं! मुलगा काय करतो?"

आई गोंधळली. मी आतून ओरडले, "मुलगा न्हाय काकू! डॉक्टर मी होणार हाय!"

"व्हय व्हय," काकू म्हणाल्या, "आदी शिकू दे म्हणाले असतील. चांगली माणसं दिसली."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानात येणारा प्रत्येक माणूस आप्पांचं अभिनंदन करू लागला. पावणं आलते म्हणं, जमलं म्हणं, एकच तर पोरगी, आता सुटलासा. आप्पांनी कुणालाही 'तसं काही नाही' म्हटलं नाही. एका मोटारीची तार त्यांनी त्या दिवशी उलटी भरली. कित्येक वर्षांत त्यांच्या हातून झालं नव्हतं ते झालं, आणि ती सगळी तार उपसून काढत ते संध्याकाळपर्यंत खाली मान घालून बसले. मला वाटलं, लोकांच्या बोलण्याची लाज वाटली. मी मनात म्हटलं, झालं, आता पुण्याचं नाव काढायलाच नको. रागानं मी आत्तीची साडी घडी न घालता तशीच खुर्चीवर फेकली.

मग पाणी वाढायला लागलं. कोल्हापुरात ऑगस्टमध्ये माणूस भेटला की 'बरा हायस का' विचारण्याआधी 'पाणी किती' विचारतो. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर आली, फोनवर तासातासाला आकडे यायला लागले. पाणी आणखी चढलं की शिरोलीजवळ हायवे बंद होतो आणि मग पुणं तर सोडाच, नदीपलीकडचं कोल्हापूरही परदेश होतं. मुलाखत दोन दिवसांवर आली होती. आज निघालो तर पोहोचणार, उद्याचा भरवसा नाही.

आणि दुकानात ही गर्दी! पाणी वाढलं की शेतकरी नदीकाठच्या मोटारी काढून आणतात. सगळा रस्ता चिखलानं भरलेल्या मोटारींनी अडला होता. आईला बस लागते, रंकाळ्याच्या पुढं गेलं की तिच्या पोटात ढवळतं, त्यामुळं सोबत जायचं तर आप्पांनीच. आप्पा दुकान सोडणार कसे? ते विचारायलाही मी आता आईला पाठवत नव्हते. मी माझी पिशवी भरली, रिकामी केली, परत भरली, परत रिकामी केली. सांगते, त्या दुपारी मला आप्पांचा भयंकर राग आला होता. नाही म्हणायचं तर म्हणा ना! नाही ऐकून मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते. हे नुसतं लटकून राहणं सहन होत नव्हतं.

सुभेदारकाकांनी दुपारी शेवटची रंगीत तालीम ठेवली होती. हेडमास्तर छत्री झटकत आले. आत्तीचे यजमान गारगोटीला परत गेले होते आणि तिकडचा रस्ता पाण्याखाली गेला होता. तिसरी खुर्ची रिकामी.

"दोघंजण म्हंजे बोर्ड न्हवं," काका म्हणाले. ते उठून दुकानात गेले आणि आप्पांना दंडाला धरून घेऊन आले. हाताला वॉर्निश, अंगात मळका बनियन. आप्पा नको नको म्हणत खुर्चीच्या कडेवर टेकले. माझ्याकडं न बघता ते आईला म्हणाले, "तिला म्हणावं, मला काय विचाराय येत न्हाय."

"अवो, तुमी आता सायेब हाय," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "सायबाला बायको नसती हितं. तुमीच विचारा."

काकांचे प्रश्न झाले, मास्तरांचे झाले. मग सगळे आप्पांकडं बघायला लागले. आप्पांनी घसा साफ केला. बोटांवरचं वॉर्निश खरवडलं. आणि म्हणाले, "स्वयंपाक येतो का?"

मास्तर खो खो हसले. मला हसू आलं नाही. "येतो, सर," मी म्हणाले.

"बरं." आप्पा म्हणाले. "तुमच्या गावात कॉलेज असताना तुमी लांब कशाला जाताय?"

तुमी! आप्पांनी इतक्या वर्षांनी मला उद्देशून उच्चारलेलं वाक्य, आणि तेही अहोजाहो करून. काकांनी पढवलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. देशसेवा, शिस्त, जवानांचं आरोग्य. मी ते धडाधडा म्हणून टाकलं.

"हे काकांचं झालं," आप्पा म्हणाले. "तुमचं सांगा."

मग माझा तोल गेला. "माझं सांगू? मला बघायचंय मी एकटीनं काय करू शकते ते. हितं मला कुणी काही विचारत न्हाय. माझ्याबद्दल बोलतात, पण माझ्याशी बोलत न्हाईत. तिथं समोर बसवून विचारणार हायत म्हणून तर मला एवढी घाई झालीय, सर!"

आवाज चढला होता. मास्तरांनी हातानं खाली, खाली असं केलं. आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"तुमच्या वडलांची परवानगी हाय?"

"माहीत न्हाय, सर. ते सांगत न्हाईत."

बाहेर कुणीतरी मोटार ठेवून हाक मारत होतं, ती आप्पांनी ऐकली नाही.

"भ्यात असतील," ते म्हणाले.

"कशाला?"

"आता बोलत न्हाईत, पर तुमी घरात असता. दिवसभर तुमचा आवाज येतो भिंतीतनं. आईवर ओरडता, पाठ करता, हसता. त्यांचं त्यावर भागतं. तुमी गेल्यावर फोन येणार, आई बोलणार, आई सांगणार, बरी हाय म्हणून. मग त्यांच्या कानावर काय पडणार?" त्यांनी बनियनच्या टोकानं डोळे पुसले आणि बोटांचं वॉर्निश डोळ्यांना लागलं. "लगीन ठरलं म्हणून लोक सांगाय लागले तवा कळलं. कसंबी जाणारच की."

मला रडू फुटलं. असं हुंदके देऊन रडणं कुठल्याही बोर्डाला चाललं नसतं. सुभेदारकाका छताकडं बघत होते. मास्तर चष्मा पुसत होते. आई दारातून म्हणाली, "अवो, निघायचं असंल तर आत्ता निघाय पायजे. पाणी वाढालंय म्हणत्यात."

आप्पा तिच्याकडं न वळता माझ्याकडं बघून म्हणाले, "पिशवी भर. निघूया."

दुकानाला त्यांनी कुलूप लावलं. मोटारी घेऊन आलेली माणसं ओरडली, तर आप्पा म्हणाले, "पोरीची मुलाखत हाय," आणि चालू लागले. स्वारगेटच्या एसटीत आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाल्या. पूल ओलांडताना पाणी रस्त्याच्या कडेला टेकलेलं दिसलं. किणीचा टोलनाका गेला, पेठ नाका गेला. आम्ही दोघंही समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होतो. मला बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते सुचत नव्हतं, आणि त्यांचंही तेच चाललेलं मला कळत होतं. ते खिडकी उघडत होते, लावत होते, परत उघडत होते.

कऱ्हाडच्या अलीकडं आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भूक लागली का?"

आणि मी सवयीनं मान वळवून आईला शोधलं. पलीकडच्या सीटवर झोपलेला एक कॉलेजचा मुलगा होता आणि मागं कंडक्टर.

आप्पांनी खिडकी बंद केली, माझ्याकडं वळले, आणि जरा मोठ्यानं परत विचारलं, "तुला विचारतोय. भूक लागली का?"

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "लई लागलीय."