अकोल्याच्या सभेनंतर बाबांनी सोडलेल्या सुया

माझे वडील सुवार्तिक होते, येशूचा संदेश सांगत फिरणारे. मेळघाटात, धारणीच्या आसपासच्या गावांत ते पायी हिंडायचे, मिळेल ते खायचे, कुणाच्याही ओसरीवर झोपायचे. आमचं घर अमरावतीत, चर्चमागच्या दोन खोल्यांत. आई मुलींच्या शाळेत शिकवायची.

मी चौथीत असताना बाबा घरी आले ते खोकतच. रुमालावर रक्त दिसलं तशी आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, आता यावर औषध आहे; सुया घ्या, गोळ्या घ्या, पण बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. आईनं बाबांचं ताट-पेला वेगळा केला, रोज उकळत्या पाण्यात बुडवू लागली. दूध, अंडी सगळं त्यांना. आम्ही भावंडं उंबऱ्याच्या अलीकडून त्यांच्याशी बोलायचो. उन्हाळ्यापर्यंत त्यांचे गाल भरले, ताप गेला.

पण चर्चच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली होती. देवाच्या सेवकाला असला रोग कसा? शरीर हे देवाचं मंदिर आहे, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब नेहमी सांगत. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता, की तंबाखू खायची नाही आणि दारूला शिवायचं नाही. अर्धपोटी रान तुडवणाऱ्या माणसाला पोटभर अन्न आणि एक घोंगडी द्यावी, हे काही त्या मंदिराच्या देखभालीत येत नव्हतं. आज मी तेव्हाच्या पाळकसाहेबांहून म्हातारी झाले, तरी हा राग गेलेला नाही.

त्याच सुमारास अकोल्याला प्रार्थनासभा भरली. बाहेरगावचे एक मोठे वक्ते येणार होते; ते डोक्यावर हात ठेवून रोगी बरे करतात, अशी त्यांची ख्याती. पाळकसाहेब बाबांना घेऊन निघाले. आईला रजा मिळेना, म्हणून तिनं मला पाठवलं. मांडव खच्चून भरला होता. वक्त्यांनी बाबांना वर बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि गरजले, "या सेवकाला प्रभूने बरे केले आहे! बंधू, आता भरवसा कोणावर? सुईवर की देवावर?"

"देवावर," बाबा म्हणाले.

सगळा मांडव हालेलूया करत उठला. बाबांचा चेहरा उजळून निघाला होता. नवरदेवाच्या चेहऱ्यावरही मी तसा आनंद पाहिला नाही. ते बरे तर होतच आले होते, सुयांनी. पण तिथे टाळ्या मिळाल्या त्या वक्त्यांच्या हाताला.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आज सुई नाई घेतली?"

"आता गरज नाही. देवानं बरं केलं, अशी मी सगळ्यांसमोर साक्ष दिली आहे."

"साक्ष देल्ली म्हनून रोग ऐकते का? अजी, डाक्टरनं काय सांगतलं होतं?"

"तुझा विश्वास कमी आहे."

 आईनं चूल पेटवली आणि त्यांचा पेला पुन्हा उकळायला ठेवला. बाबांना तो अपमान वाटला.

पावसाळा सरेपर्यंत खोकला परतला. पाळकसाहेब भेटायला आले, खुर्चीवर बसून म्हणाले, "कुठेतरी विश्वास डळमळला असेल." म्हणजे बरं झालं तर श्रेय त्या वक्त्यांचं, आणि आजार उलटला तर दोष माझ्या बापाचा! मला तेव्हा हे शब्दांत मांडता येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या चपलांकडे बघत दातओठ खात होते.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आमच्याकडे तेव्हा एकच चांदीचा प्याला, सगळ्यांच्या ओठांना लागत फिरायचा. बाबा उठून पुढे गेले, गुडघे टेकले. प्याला त्यांच्यापर्यंत आला आणि मागून आईचा आवाज आला, "थांबा. त्याइले प्याला देऊ नोका."

सगळ्या माना मागे वळल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, हे प्रभूचं मेज आहे."

"मले माहीत आहे. त्याच मेजावर इथली लेकरंबी येतात. त्याइच्या छातीत काय आहे हे तुमाले माहीत, मले माहीत. मंग तुमी गप्प काहून बसले?" तिनं बाबांकडे बोट केलं. "देवाचं मंदिर म्हनता ना? ह्या माणसाचं ढासळून राहिलं, अन् तुमी साक्षी मोजून राहिले!"

बाबा तसेच गुडघ्यावर होते. मग खोकल्याची उबळ आली, रुमालानंही ती झाकली गेली नाही. ते उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले. आई त्यांच्यामागे, आम्ही आईमागे.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात दाखल झाले. या खेपेला औषध लागू पडायला फार वेळ लागला. ते वाचले, पण एक फुफ्फुस कामातून गेलं आणि मेळघाट कायमचा सुटला. अकोल्याचे ते वक्ते कधी विचारायलाही आले नाहीत. मंडळीतल्या बायांनी आईशी बोलणं टाकलं. नवऱ्याला भर चर्चमध्ये खाली पाहायला लावलं, हा तिचा गुन्हा.

बाबांना पुढे त्याच दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात प्रार्थना करण्याचं काम मिळालं. मी कॉलेजात असताना एकदा त्यांचा डबा घेऊन गेले होते. वॉर्डातला वलगावकडचा एक ख्रिस्ती शेतकरी उपचार अर्धवट टाकून घरी निघायला बोचकं बांधत होता. "आता बरं वाटते, बाबूजी. बाकी देवावर सोडलं."

माझ्या बापाला मी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचं बोचकं हिसकावलं आणि खाटेवर आपटलं.

"बस खाली!" ते ओरडले. पुरता श्वास नव्हता, तरी ओरडले. "आधी सुई घे. मग मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."