समईवरचा खुंट

थोरलीने परवा फोनवर कुरखेड्याची समई मागितली. "आजी, वरचा तुटलेला भाग नीट करून पाठव," म्हणाली. फोनवर माझं सांगणं नेहमी अर्धवट राहतं, म्हणून तुम्हा दोघींसाठी हे लिहिते आहे.

समई आधी गरम पाण्यात बुडवून ठेवली. कुरखेड्याच्या घरी तिच्यात मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल जळायचं. थंडीत ते तुपासारखं थिजायचं आणि वाटीला काळा थर धरायचा. तो खरवडायचा नाही, पितळेवर ओरखडे उठतात. पाण्यात मऊ झाला की चिंच आणि चाळलेली राख. धुतल्याबरोबर कोरडं पुसायचं, नाहीतर हिरवे डाग पडतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी, तुमच्या पणजीने, हे मला शिकवलं.

समई घेऊन भद्रावतीच्या बाजारात गेले. भांड्यांच्या दुकानदाराने एक पितळी मोर वर ठेवून दाखवला.

"बाई, जसा काई हिचाच हाय."

शोभत होता खरा. थोरलीच्या परदेशातल्या घरात छान दिसेल, असं मलाही वाटलं. मोर उचलून मी खुंटावरून अंगठा फिरवला. कानशीचे चरे अजून हाताला लागतात.

त्या जागी पूर्वी देवीची लहानशी मूर्ती होती. घराने बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडायला सासऱ्यांनी टोपली भरली. समईही टोपलीत गेली. सासूबाईंनी ती बाहेर काढली. पुढे मला हे सांगताना त्या हसायच्या.

"म्या म्हटलं, देव चालले, अंधार कुठी चालला? अंधारात इच्चू का धम्माले इचारून येते?"

"मंग?" त्यांच्यासारखं बोलायला मला आवडायचं.

"ते म्हणे, दिव्यावर देवी हाय. म्या म्हटलं, तिले बी त्यायच्यासंग जाऊ द्या, एकटी काऊन राहीन? दिवा माह्या माहेरचा हाय. तो नाई जाणार."

सासऱ्यांनी आरीने मूर्ती वेगळी केली, खुंट कानशीने घासला. देवी टोपलीतून गेली. त्या संध्याकाळी समई बुद्धाच्या तसबिरीपुढे लागली.

मी मोर परत दिला.

"बाई, तुटकीच नेता?" दुकानदार म्हणाला.

थोरले, समई आहे तशीच येईल. अशी नको असेल तर सरळ सांग, मी इथे रोज लावीन. हवी असेल तर एक कर. बाकी सगळी लखलखीत घास, पण खुंटावर हात हलका ठेव. ते चरे झिजू देऊ नकोस.