कांद्याचा ट्रक आणि रिकामे पाटे

मॉडेल बनवणाऱ्या मंडळींनो, इंदिरानगरच्या सायबर कॅफेतून लिहितोय. सहा महिने खपून बनवलेलं कांद्याच्या ट्रकचं मॉडेल आज पिंपळगावला नेलं. ज्या खऱ्या ट्रकची मापं घेतली, त्याच्या ड्रायव्हरला, रामदासदादांना दाखवायला. चूक सापडणारच नाही, याची खात्री होती.

दादांनी मॉडेल डोळ्यांसमोर धरलं. "लय भारी, भाऊ! पण माल खोटा हाय."

"खोटा? गोण्या खऱ्या तागाच्या आहेत!"

"मंग पाटे का नाय दबले?"

खरंच की! वर खच्चून गोण्या, आणि मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कमानदार. मापं घेतली तेव्हा ट्रक रिकामा होता!

घरी येताच पाटे सपाट केले. आता माझा ट्रक खरोखर भरलाय. तुमचे ट्रक जरा वाकून बघा बरं. त्यातले किती नुसती हवा वाहतायत?