गुंतवळाचा रातांबा

आमच्या महिला मंडळात शिवणाऱ्या बायका थोड्या आणि शिवणावर बोलणाऱ्या फार. अध्यक्षबाई बोलणाऱ्यांतल्या पहिल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. ब्लाउजचा हूक निघाला तरी माझ्या दुकानात पाठवणार, पण ‘हस्तकला’ हा शब्द तोंडात विड्यासारखा घोळवत राहणार.

मी गावाहून रत्नागिरीत आले तेव्हा माझ्याकडे एक कात्री होती, तीही बोथट. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दुकानात चार वर्षं काजं-बटणं केली. मास्तर शिवता शिवता सुई स्वतःच्या केसांतून फिरवायचे. मला वाटायचं, डोकं खाजवतायत. एकदा म्हणाले, “पोरी, ही खारी हवा लोखंड खाते. सुईला रोज तेल लागतं. जास्त दिलंस तर कापड डागेल. केसाला असतं तेवढंच बरं.” त्यांच्या मशीनवरच्या पिनकुशनमध्ये बायकोचं गुंतवळ भरलेलं होतं, विंचरताना फणीत येतात ते केस. ऐन पावसातही त्यातल्या टाचण्या चकाकायच्या.

पुढे माझं दुकान झालं आणि कातरणाची पोती साठू लागली. लाल साटीनच्या अस्तराचे तुकडे तर कुणी फुकट नेईना. त्यांचे मी रातांबे केले, कोकमाच्या फळासारखी पिनकुशनं. गोल तुकडा कापायचा, कडेने धावदोरा घालायचा, आत गुंतवळ दाबून भरायचं, दोरा ओढून तोंड आवळायचं, वर हिरव्या कापडाचं देठ. बसायला अर्धी करवंटी, काचेने खरवडून गुळगुळीत केलेली. गुंतवळ माझंच. खोबरेल लावलेलं, दाराआड पिशवीत जमवलेलं.

अध्यक्षबाईंनी एक रातांबा उलटसुलट करून पाहिला. “किती गोड गं. मे महिन्यात मंडळात याचा वर्ग घे तू.”

मला हेच हवं होतं. इतकी वर्षं त्या मंडळात मी शेवटच्या रांगेत बसून खुर्च्यांचे अभ्रे शिवले. पुढे उभं राहून शिकवायला मला कुणी कधी बोलावलं नव्हतं. आठवडाभर गिऱ्हाइकांना परत पाठवून मी सगळ्यांसाठी तुकडे कापून ठेवले.

आदल्या दिवशी बाई ते तुकडे बघायला आल्या. “आत कापूसच ना?”

“गुंतवळ.”

त्यांनी हातातला रातांबा खाली ठेवला आणि बोटं पदराला पुसली. “शी. कुणाचं?”

“माझं.”

“अगं, केस असे घरात ठेवू नयेत. ओवळं असतं. आणि कुणी उचलून करणीबिरणी केली म्हणजे?”

या बाईने उभा जन्म मुलांना विज्ञान शिकवलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग झाला. तुकडे माझे, करवंट्या माझ्या, पुढे उभ्या त्या. आत भरायला भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू, चाळून आणलेली. “वाळूने टाचण्यांना धार राहते,” त्या म्हणाल्या. कुठेतरी वाचलं होतं म्हणे. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि मिठाला पावसात पाणी सुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिथल्या एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. सगळ्या माना डोलावत चमच्याने वाळू भरत होत्या. माझी जीभ सहसा गप्प बसत नाही. त्या दिवशी बसली, कारण आषाढ लांब नव्हता.

आषाढात रातांबे ओले झाले. लाल साटीनवर तपकिरी कडी उमटली, सुया आतच अडकल्या. एकेक बाई छत्रीआडून माझ्या दुकानात डोकावून जाऊ लागली. शेवटी अध्यक्षबाई स्वतः आल्या. पुतणीच्या लग्नाचा रेशमी ब्लाउज, आणि खांद्यावर गंजाचा डाग. त्याच रातांब्यातली टाचणी लावली होती.

“निघेल का गं?”

“निघणार नाही. वर काठ लावून झाकता येईल.”

त्या थोडा वेळ माझ्या मशीनवरचा रातांबा बघत राहिल्या. “श्रावणात वर्ग पुन्हा घ्यायचा म्हणतायत बायका. या वेळी तू घे.”

“घेईन. पण आत काय भरायचं ते सुरुवातीला तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“मी कशाला? तू आहेस की.”

“ओवळं तुम्ही म्हणालात.”

मग त्यांनी घासाघीस सुरू केली. फळ्यावर लिहिते म्हणाल्या. सेक्रेटरीला सांगायला लावते म्हणाल्या. मासळीबाजारात सरंगा घेतानाही इतकं कुणी ताणत नाही. मी काठ न लावताच ब्लाउजची घडी घालून त्यांच्यासमोर सरकवली. घडीकडे बघत त्या हो म्हणाल्या.

श्रावणात वर्ग भरला. घरून गुंतवळ आणायला मी सांगितलं होतं. अध्यक्षबाईंनी तीन पिशव्यांत गुंडाळून आणलं, चोरीचा माल असावा तसं. मी चिमटीत धरून बघितलं. कलप लावलेलं, शांपूने धुतलेलं, तेलाचं नाव नाही. “हे चालायचं नाही,” म्हटलं, “माझ्यातलं देते थोडं.” त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

मग त्या उभ्या राहिल्या. “भगिनींनो, आज आपण आत नैसर्गिक तंतू भरणार आहोत.”

मी पुढच्या टेबलापाशीच होते. “बाई,” म्हटलं, “मराठीत सांगा.”

बायका खाली बघू लागल्या. एकीने पदर तोंडाला लावला.

“गुंतवळ,” त्या पुटपुटल्या.

“शेवटच्या रांगेत ऐकू गेलं नाही. मी इतकी वर्षं बसलेय तिथे, मला माहीत आहे.”

“गुंतवळ,” त्या मोठ्याने म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी पहिला तुकडा उचलला आणि धावदोरा घालायला सुरुवात केली.